वॉटर पंप गळतोय, पण गाडी रिकॉलच्या यादीत नाही. आता?

उलटा_पाना (धागाकर्ता), सोमवार रात्री

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, गाडीची कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाहीये. लिहिलं की दहाव्या प्रतिसादापर्यंत धाग्याचा आखाडा होतो आणि पंप राहतो बाजूला. २०१९ ची डिझेल पिकअप आहे, ९१ हजार मैल झालेत, मागे कॅम्पर ओढतो, एवढं पुरे.

गेले तीन आठवडे कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीतली पातळी हळूहळू उतरतेय. जमिनीवर मात्र एक थेंब नाही. सर्व्हिसला नेली तर तासाभरात फोन आला: वॉटर पंप (कूलंट इंजिनात फिरवणारा) गेलाय, बदलावा लागेल, वॉरंटी संपलेली आहे. मी म्हटलं, अहो, डिझेल पिकअपच्या वॉटर पंपाचा मोठा रिकॉल झाला होता ना, दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या बोलावून फुकट दुरुस्त करायचा? पलीकडून उत्तर, "तो तुमच्या गाडीला नाही." घरी येऊन व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, टाकून पाहिला. खरंच, रिकॉल शून्य.

माझा प्रश्न असा की पंप डिझेल पिकअपचाच, गेलाही तसाच, मग त्यांना फुकट आणि मला बिल का? शिवाय खरंच पंपच गेलाय हे घरच्या घरी कसं ताडून बघायचं? सर्व्हिसवाल्यांनी मला काही दाखवलं नाही, नुसतं सांगितलं. पुढच्या महिन्यात कॅम्पर घेऊन डोंगरात जायचंय. तोवर टाकी भरत भरत चालवली तर?

रुमालवाला

रुमाल टाकून ठेवतो. आमचीही पातळी उतरतेय, पण मी बॉनेट उघडायचंच सोडून दिलंय. मनःशांती टिकते.

घासलेला_गिअर

धागाकर्ते, पंप बेल्टवर चालतो की गिअरवर? ते सांगा, मग पुढचं बोलू. कारण ड्युरामॅक्ससारख्या इंजिनांत पंप पुढच्या बाजूच्या गिअरवर चालतो. तिथे बेल्ट काढून पुली हलवून बघायची सोयच नाही, आणि पंप काढणं हा अख्ख्या दिवसाचा कार्यक्रम. कमिन्सचं ६.७ लिटर इंजिन घेतलंत तर पंप बेल्टवर आणि दोन बोल्टवर. एकाच कामाची मजुरी दोन गाड्यांना इतकी वेगळी का लागते, त्याचं कारण बरंचसं यातच आहे.

उलटा_पाना

बेल्टवर.

घासलेला_गिअर

मग नशीबवान आहात. उद्या सकाळी इंजिन पूर्ण गार असताना टॉर्च घेऊन खाली वाका. पंपाच्या अंगाला, पुलीच्या मागे, खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. वीप होल म्हणतात. त्याच्याखाली पांढरट किंवा गुलाबी खारट खपली दिसते का, आणि खपलीची रेघ किती लांब गेलीय ते बघा.

आता गंमत ऐका. ते भोक बिघाड नाही, मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या दांड्यावर दोन चकत्या एकमेकींवर घासत फिरतात, तेच सील. त्यांच्यात कूलंटचा अगदी पातळ थर असतो आणि तोच त्यांचं वंगण. म्हणजे सील शंभर टक्के कोरडं कधीच नसतं. जे कणभर झिरपतं ते बेअरिंगकडे न जाता बाहेर पडावं म्हणून हे भोक. त्यामुळे भोकाच्या तोंडाशी थोडी वाळलेली खपली दिसली म्हणून पंप गेला असं नाही. ओली धार, थेंब किंवा खालपर्यंत उतरलेली लांब रेघ असेल तर मात्र गेला.

बेल्ट काढून पुली हाताने दोन्ही बाजूंना हलवा. खडखड, डुगडुग, फिरवताना खरखर, यातलं काहीही असेल तर चर्चा संपली.

निळा_धूर

बाळबोध शंका. त्या भोकातूनच गळतंय ना? मग इपॉक्सी लावून भोकच बुजवलं तर?

घासलेला_गिअर

अहो नको! भोक बुजवलं की झिरपणारं कूलंट जाणार कुठे? सरळ बेअरिंगमध्ये. ग्रीस धुऊन जातं, बेअरिंग कोरडं पडतं, तापतं, अडकतं. एकच लांब बेल्ट सगळं फिरवत असेल तर तो जळतो किंवा निसटतो, मग अल्टरनेटर बंद आणि बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगची मदतही बंद. थेंबभर गळतीचं तुम्ही मोठं संकट करून ठेवाल.

टाकीत ओतायच्या गळतीबंद पावडरी आणि द्रव यांचंही तेच. जिथून गळतंय तिथे ते बसेल न बसेल, हीटरच्या आणि ईजीआर कूलरच्या (इंजिनात परत सोडायचा धूर गार करणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत मात्र नक्की बसतं.

तळटीप

रिकॉलचा घोळ मी सोडवतो. नोकरीमुळे असले कागद वाचायची सवय लागलीय.

धागाकर्त्यांनी ऐकलाय तो बहुधा ऑक्टोबर २०१७ चा. फियाट क्रायस्लरने ६.७ लिटर कमिन्स डिझेल असलेल्या २०१३ ते २०१७ मॉडेलच्या रॅम हेवी ड्युटी गाड्या परत बोलावल्या होत्या, सगळीकडच्या मिळून सुमारे ४ लाख ९४ हजार. त्यातल्या जवळपास ४ लाख ४४ हजार एकट्या अमेरिकेतल्या. पण कारण नीट वाचा. पंप गळतो हे कारण नव्हतं. काही पंपांतलं बेअरिंग जास्त तापून इंजिनाच्या कप्प्यात आग लागू शकते, हे होतं. रिकॉल जाहीर झाला तेव्हा कुणाला इजा झाल्याची नोंद कंपनीकडे नव्हती. तरी आगीची शक्यता आहे एवढं पुरेसं ठरलं.

इथेच सगळी मेख आहे. इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, कायद्यात रिकॉल म्हणजे माल टिकला नाही म्हणून मिळणारी भरपाई नव्हे. सुरक्षेला बाधा आणणारा दोष असावा लागतो आणि तो ठरावीक गाड्यांच्या गटात सापडावा लागतो. एसी गार करत नाही, रंग उडाला, बॅटरी किंवा ब्रेक पॅड झिजले, असल्या गोष्टी एनएचटीएसए (रस्ते सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) त्यात धरत नाही. वयोमानाने गळणारा पंप साधारण याच रांगेत बसतो. तुमच्या दृष्टीने दोघांचेही पंपच गेले. कायद्याच्या दृष्टीने एकाचा दोष आगीचा, दुसऱ्याची झीज.

आणखी एक, रिकॉल आणि टेक्निकल सर्व्हिस बुलेटिन यांत गल्लत करू नका. बुलेटिन म्हणजे कंपनीने आपल्या मेकॅनिकांना दिलेली सूचना, की अमुक तक्रार आली तर तमुक तपासा, अमका सुधारित भाग वापरा. त्यात फुकट दुरुस्तीचं वचन नसतं. पण तुमच्या मॉडेलवर पंपाचं बुलेटिन असेल तर ते छापून सर्व्हिस मॅनेजरसमोर ठेवा. वॉरंटी नुकतीच संपली असेल तर कधी कधी सौजन्य म्हणून अर्धा खर्च उचलतात. अर्थात ९१ हजार मैलांवर फार आशा धरू नका.

निळा_धूर

म्हणजे थांबलेलं बरं ना? पुढेमागे रिकॉल झालाच तर फुकटात होईल. आत्ता पैसे घातले तर ते बुडाले.

तळटीप

उलट आहे. रिकॉल व्हायच्या आधी तुम्ही तीच दुरुस्ती स्वखर्चाने केली असेल तर ते पैसे परत मागायची सोय नियमांत आहे. मुदती आणि अटी असतात, पण सोय आहे. त्यासाठी पावती लागते, त्यावर व्हिन, तारीख, मैल आणि नेमकं काय बदललं ते लिहिलेलं हवं. "इंजिनचं काम" एवढंच लिहिलेली पावती कुचकामी. फुकट दुरुस्तीलाही वयाची अट आहे, गाडी पहिल्यांदा विकली गेल्यापासून १५ वर्षं. आधी १० होती, २०१५ च्या कायद्याने वाढवली.

आणि तक्रार जरूर नोंदवा. एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर कुणीही नोंदवू शकतो, वकील लागत नाही. एकसारख्या तक्रारी साठल्या तर आधी प्राथमिक चौकशी आणि मग गरज पडली तर अभियांत्रिकी तपास, असा तो रस्ता आहे. फक्त कंपनीच्या नावाने शिमगा करू नका. काय झालं, किती मैलांवर, वेग किती होता, धूर किंवा वास आला का, एवढंच लिहा.

जुनी पिकअप घेणाऱ्यांनी तर व्हिन टाकून बघावाच. सतरा अक्षरी असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतात, म्हणून शून्य दिसलं तर ते शून्यच टाका. रिकॉलचं पत्र कंपनीकडे नोंद असलेल्या मालकाला जातं. हात बदललेल्या गाडीचं पत्र जुन्या मालकाच्या टपालपेटीत पडून राहतं. भाड्याने गाड्या देणाऱ्या मोठ्या कंपन्यांना रिकॉल दुरुस्त न केलेली गाडी देता येत नाही, २०१६ पासून तसा कायदा आहे. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांवर मात्र तसं देशभरचं बंधन नाही. ते तुमचं तुम्ही बघायचं.

रुमालवाला

टपालपेटीवरून आठवलं. आमच्याकडे आधीच्या घरमालकाच्या गाडीची असली पत्रं अजून येतात. जपून ठेवलीत, का ते माहीत नाही.

कॅम्परवाली

उलटा_पाना, "टाकी भरत भरत डोंगरात" हे वाचून लिहायला बसले. नका जाऊ. माझं ऐका.

तीन उन्हाळ्यांपूर्वी कोलोरॅडोत आय-७० महामार्गावर आयझेनहॉवर बोगद्याच्या दिशेने चढत होते, मागे २४ फुटी कॅम्पर. निघताना टाकी थोडी कमी होती, "पोचल्यावर भरू" म्हटलं. चढावर तापमानाचा काटा वर गेला, मग चक्क खाली आला. मला हायसं वाटलं! गाडीने सांभाळून घेतलं म्हणून मी खूश. दोन मिनिटांनी हीटरमधून गार हवा यायला लागली. (इंजिन तापत असेल तर उन्हाळ्यातही हीटर पूर्ण सोडायचा, थोडी उष्णता बाहेर पडते, म्हणून लावला होता.) तेव्हा शेजारी बसलेले आमचे सासरे म्हणाले, "अगं, थांबव गाडी. पाणीच नाहीये आत."

तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो. पातळी त्याच्याखाली गेली की तो नुसती हवा मोजतो आणि काटा खोटं बोलायला लागतो. इंजिन वाचलं ते सासऱ्यांमुळे. पंप गेला होता, बाकी काही नाही. टो-ट्रकसाठी कडेला चार तास बसलो, तेवढ्यात त्यांनी मला त्यांच्या तरुणपणीच्या सगळ्या बंद पडलेल्या गाड्या सांगून झाल्या.

गणिती

कॅम्परवालींच्या किश्श्याला थोडं गणित जोडतो. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं निम्मं घेतलं तर उकळबिंदू मोकळ्या हवेत साधारण २२५ अंश फॅरनहाइटच्या आसपास. १५ पीएसआय (दाबाचं एकक) दाब धरणारं झाकण लावलं की तो २६५ पर्यंत जातो. पण झाकण जो दाब धरतं तो बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त, असा धरतं. बोगद्यापाशी उंची ११ हजार फुटांच्या वर आहे, तिथे हवेचाच दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळपास ५ पीएसआयने कमी. म्हणजे सगळ्यात जास्त ओझं ओढताय तिथेच कूलंट लवकर उकळतं. त्यात झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर उरलीसुरली गादीही जाते. म्हणून पंपाला शिव्या देण्याआधी झाकण तपासा, ते सगळ्यात स्वस्त आहे.

डिझेलसाठी आणखी एक. कूलंट रंगावरून घेऊ नका. रंगाला कसलंही प्रमाण नाही, एकाच रंगात वेगवेगळ्या रसायनांचे कूलंट मिळतात. पुस्तिकेत जो मानक क्रमांक दिलाय तो बाटलीवर आहे का तेवढंच बघा. दोन जातींची मिसळ झाली तर गाळ किंवा चिकटा धरू शकतो. आणि पाणी ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड. नळाच्या पाण्यातले क्षार गरम भागावर थर धरतात आणि सुटे कण त्या सीलच्या चकत्यांमध्ये शिरले की पॉलिश पेपरसारखं काम करतात.

जड डिझेलमध्ये वेगळी भानगडही असते. सिलिंडरची भिंत प्रत्येक स्फोटाबरोबर थरथरते, तिच्या बाहेरच्या बाजूला कूलंटात सूक्ष्म बुडबुडे होतात आणि फुटताना धातू टोकरतात. फोर्डच्या ७.३ लिटर पॉवर स्ट्रोक इंजिनवाल्यांना हे पाठ असतं, कारण त्यात कूलंटमध्ये वेगळं संरक्षक रसायन घालून त्याची पट्टीने चाचणी करत राहावी लागायची.

उलटा_पाना, बुधवार

अपडेट. सकाळी टॉर्च घेऊन वाकलो. भोकाखाली गुलाबी-पांढरी रेघ आहे, चांगली वीतभर. पार्ट्सच्या दुकानातून अनामत भरून प्रेशर टेस्टर आणला, टाकीवर लावून १५ पर्यंत दाब दिला. वीस मिनिटांत ११ वर आला आणि भोकातून एकेक थेंब पडताना डोळ्यांनी पाहिला. जमिनीवर का दिसत नव्हता तेही कळलं, खालच्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये साठत होता. सर्व्हिसवाल्यांना मनातल्या मनात सॉरी म्हटलं.

बेल्ट काढून पुली हलवली. डुगडुग आहे.

पण ईजीआर कूलरचं काय? तोही फुटला असेल तर पंप बदलूनही तेच रडगाणं.

घासलेला_गिअर

शंका रास्त. फक्त तो बाहेर गळत नाही, आत गळतो. कूलंट कमी होतं, कुठेच ओलं नाही, एक्झॉस्टमधून पांढरा धूर आणि गोडसर वास. हेड गॅस्केट (इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांच्यातलं सील) गेलं असेल तर गार इंजिन सुरू केल्यावर थोड्याच वेळात होस दगडासारखे कडक होतात, टाकीत बुडबुडे येतात. पंप बदलल्यावर पुन्हा प्रेशर टेस्ट करा. दाब तासभर टिकला तर झोपा निवांत.

तळटीप

ईजीआर कूलरचाही रिकॉल झालेला आहे, ऑक्टोबर २०१९, ३.० लिटर इकोडिझेलवाल्या २०१४ ते २०१९ च्या रॅम १५००. तापून-गार होऊन कूलरला आत तडे जाऊ शकतात आणि त्यातून आग लागू शकते, असं कारण होतं. म्हणजे पुन्हा आगच.

उलटा_पाना

ठरलं. शनिवारी स्वतःच बदलतो. कंपनीचाच पंप मागवलाय. काही सूचना?

घासलेला_गिअर

बेल्टचा मार्ग काढण्याआधी फोटो काढा. स्मरणशक्तीवर विसंबू नका, सगळे विसंबतात. थर्मोस्टॅट आणि त्याची रिंग हात लागतोच आहे तर बदला. ज्या खाचेत ओ-रिंग बसते ती नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने साफ करा, स्क्रू ड्रायव्हरने नाही. ॲल्युमिनिअमला ओरखडा गेला की नवी रिंगही गळते. रिंगला लावायला त्याच कूलंटचं बोट पुरे. सिलिकॉनचा लेप देऊ नका, जोवर पुस्तिका सांगत नाही.

आणि टॉर्क पाना (ठरावीक जोर मोजून बोल्ट आवळायचा) इंच-पाउंडाचा आहे की फूट-पाउंडाचा ते दोनदा वाचा. बारापट फरक असतो. मी एकदा ॲल्युमिनिअमच्या घरात बोल्ट मोडून ठेवलाय. तो काढायला लागलेला वेळ पंपाच्या चौपट होता.

कॅम्परवाली

काढलेलं कूलंट झाकणाच्या डब्यात भरा आणि लगेच उचला. चवीला गोड लागतं, कुत्री-मांजरी चाटतात आणि थोडंसंही जिवावर बेततं. कूलंट सांडलं की मी आधी कुत्र्याला घरात कोंडते, मग पुसते.

उलटा_पाना, रविवार संध्याकाळ

झालं! पाच तास लागले, त्यातला एक तास घरंगळलेला सॉकेट शोधण्यात. टॉर्क पाना फूट-पाउंडाचाच होता आणि पुस्तिकेतला आकडा इंच-पाउंडात. गिअरसाहेब, तुमच्यामुळे वाचलो.

भरल्यावर थोडी धडधड झाली. इंजिन गरम झालं तरी हीटर गारच. कॅम्परवालींचा किस्सा आठवून लगेच बंद केलं. आत हवा अडकली होती. गार झाल्यावर पातळी पाहिली तर चांगली खाली गेलेली. भरलं, हीटर पूर्ण सोडून पुन्हा गरम केलं, पुन्हा गार होऊ दिलं, पुन्हा भरलं. तिसऱ्या फेरीत हीटर गरम झाला आणि पातळी थांबली. प्रेशर टेस्ट केली, तासाभरात काटा हलला नाही.

जुना पंप टेबलावर आहे. पाणी ढकलणारं चक्र धडधाकट. पण हातोडी-छिन्नी घेऊन सील उघडलं तर चकतीवर गोल गोल रेघा, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या. आणि पंपाच्या आतल्या भिंतीवर पांढरट थर.

गणिती, खरं सांगतो. गेली दोन वर्षं पातळी जरा कमी दिसली की मी अंगणातल्या नळीने भरायचो.

गणिती

नळाच्या पाण्यानेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. ९१ हजार मैल हेही वय आहेच. पण थर आणि रेघा दोन्ही दिसतायत म्हटल्यावर नळी निर्दोष सुटत नाही. एक करा, महिनाभराने कूलंट पुन्हा बदला. सिस्टिममध्ये उरलेला जुना माल आता नव्या पंपातून फिरतोय.

रुमालवाला

थोडक्यात रिकॉल गाडीवर नाही, धागाकर्त्यांवर काढायला हवा होता. २०१९ मॉडेल, नळीसकट.

उलटा_पाना

मान्य. दुरुस्ती फुकट करून मिळेल का?

तळटीप, पंपाची पावती, मैलांचा फोटो आणि जुन्या पंपावरच्या क्रमांकाचा फोटो एका पाकिटात घालून ठेवलाय. एनएचटीएसएकडे तक्रार मात्र टाकली नाही. नळीचं काय लिहू तिथे?

तळटीप

जे झालं ते लिहा. नळीसुद्धा लिहा. नसेल लिहायचं तर राहू द्या. पाकीट मात्र गाडीबरोबर ठेवा, विकाल तेव्हा पुढच्याला द्या.

घासलेला_गिअर

सगळं छान. बेल्टचा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) फिरवून पाहिलात ना, बेल्ट काढला होता तेव्हा? जुना पंप डुगडुगत होता म्हणजे टेन्शनरही तेवढेच मैल नाचलाय.

उलटा_पाना

...नाही.

रुमालवाला

नवा धागा काढा. रुमाल आत्ताच टाकून ठेवतो.